सालगिरहची गाठ आणि अंगणातला चेंडू

उर्दूत वाढदिवसाला सालगिरह म्हणतात. साल म्हणजे वर्ष आणि गिरह म्हणजे गाठ. मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक दोरा घरात जपून ठेवायचा आणि वर्ष पूर्ण झालं की त्याला एक गाठ मारायची, या रिवाजातून हा शब्द आला. हिंदीतला 'बरसगांठ' नेमकं हेच सांगतो. मराठीने गाठींऐवजी मुलाची वाढ मोजली आणि त्या दिवसाला 'वाढदिवस' म्हटलं. गिरह हे कापडाचं मापही होतं. एका गजात सोळा गिरह. वर्गात हा शब्द आला की मी फळ्यावर एक दोरा काढते आणि मुलांना आपापल्या वयाइतक्या गाठी मारायला सांगते. उर्दूचा शब्द मराठीच्या तासालाही मुलांच्या लक्षात राहतो.

या शब्दाकडे पुन्हा वळायचं कारण घरातलंच. यंदा जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचा मुलगा दोन वर्षांचा झाला. चालायला लागल्यापासून त्याला एकच छंद आहे. समोर येईल त्याला लाथ मारायची. मग तो चेंडू असो, टोपलीतला कांदा असो की बडे अब्बांची काढून ठेवलेली टोपी. भावजयीने ठरवलं की वाढदिवस घरीच करायचा, अंगणात, आणि तो 'खेळांचा' करायचा. थीम हा शब्द आता आमच्या नांदगाव खंडेश्वरलाही पोचला आहे. अमरावतीहून फुग्यांची कमान मागवता येते, केकवर हिरवं मैदान आणि तीन स्टंप काढून मिळतात.

तयारी सुरू झाली तसे दोन प्रश्न पुढे आले. पहिला घरातल्या वडीलधाऱ्यांचा. बडे अब्बा म्हणाले, "बेटा, वाढदिवस हा आपला रिवाज नाही. इंग्रजांनी आणला." दुसरा भावजयीचा होता. पाहुण्या मुलांसाठी जर्सी घ्यायच्या होत्या आणि ती हळूच म्हणाली, "आपा, सगळ्या निळ्याच घेऊ. उगाच कोणी काही बोलायला नको."

पहिला प्रश्न मी नेहमीच ऐकते. दुसरा मला लागला. दोन वर्षांच्या मुलाच्या कपड्याचा रंगही लोक काय म्हणतील या हिशेबाने निवडायचा? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आमचं काय, त्यांचं काय, आणि आपण कोणाच्या बाजूचे? याची उत्तरं इतिहासात आहेत म्हणून हा लेख.

तराजूत बसलेला शहजादा

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या वाढदिवसाचे नियम दिले आहेत. अकबराची तुला वर्षातून दोनदा व्हायची, एकदा सौर तारखेला आणि एकदा चांद्र तारखेला. सौर वाढदिवसाला बारा वस्तूंनी तोलत. त्यात सोनं, रेशीम, अत्तरं, तांबं होतं, तसं तूप, लोखंड, सात प्रकारची धान्यं आणि मीठही होतं. तोललेलं सगळं वाटून टाकायचं. वयाची जितकी वर्षं, तितक्या मेंढ्या, बकऱ्या, कोंबड्या त्या पाळणाऱ्या लोकांना द्यायच्या. लहान प्राणी मोकळे सोडायचे. या सगळ्याचा हिशेब ठेवायला माणसं नेमलेली होती आणि समारंभाला शब्द होता सालगिरह.

त्याच नियमांत मुलांविषयीही लिहिलं आहे. बादशहाच्या मुला-नातवंडांची पहिली तुला ती दोन वर्षांची झाल्यावर होई आणि तीही फक्त एकाच वस्तूने. पुढे दर वर्षी एकेक वस्तू वाढवत जायची. म्हणजे मूल मोठं होईल तसं त्याच्या नावाने होणारं दानही मोठं होई. आमच्या पोराचं वयही नेमकं तेच, दोन.

ही रीत मुघलांनी बाहेरून आणली नव्हती. तुलादान इथलं जुनं. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यारोहणाच्या वेळी स्वतःची सुवर्णतुला केल्याचं ताम्रपटात आहे. १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी महाबळेश्वरला जिजाऊंची तुला झाली आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची. दरबार मुघलांचा, भाषा फारसी, शब्द सालगिरह आणि विधी भारतीय. यातलं 'त्यांचं' वेगळं काढून दाखवायला बसलो तर हातात काहीच उरत नाही.

या तराजूचा आपल्या वऱ्हाडाशीही संबंध आहे. अकबराचा मुलगा शहजादा मुराद १५७० मध्ये फतेहपूर सिक्रीला जन्मला. १५९६ मध्ये चांदबीबीने तह करून वऱ्हाड मुघलांना दिला आणि मुराद इकडे राहिला. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ त्याने शहापूर वसवलं. दारूने त्याची तब्येत खालावली आणि १५९९ मध्ये तो वारला. ज्या घरात मुलांचं प्रत्येक वर्ष तराजूत तोललं जात होतं, तिथल्या या शहजाद्याच्या दोऱ्याला तीस गाठीही पडल्या नाहीत.

आज तराजू राजवाड्यातून निघून अंगणवाडीत आला आहे. तिथे प्रत्येक मुलाचं वजन होतं आणि तक्त्यावर ठिपका पडतो. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात हा ठिपका कुठे पडतो यावर मुलाचं जगणं ठरत आलं आहे. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाचं वजन करणं ही केवळ हौस नाही.

प्रत्येक घरातली पहिली तुला

बडे अब्बांना मी एवढंच विचारलं, "याच्या अकीक्याला काय केलं होतं?" सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवतात आणि केसांच्या वजनाइतकी चांदी खैरात करतात. त्या दिवशी सराफाच्या काट्यावर ते इवलेसे केस त्यांनी स्वतः तोलून घेतले होते. शहजाद्याचं सोनं असो की कापूस वेचणाऱ्याच्या घरची चिमूटभर चांदी, कल्पना तीच आहे. मूल आलं, आता त्याच्या नावाने कोणाला तरी काही मिळालं पाहिजे.

नंतरचा टप्पा बिस्मिल्लाखानीचा. मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याला पहिला धडा देतात, मिठाई वाटतात. म्हणजे मुलाचं वय मोजणं आणि त्या निमित्ताने माणसं जमवणं आपल्याकडे आधीपासून आहे.

बडे अब्बांचा आक्षेप एवढ्याने संपत नाही आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. अनेक उलेमा वाढदिवसाला विरोध करतात. दिखावा, उधळपट्टी आणि दुसऱ्यांचं अनुकरण ही त्यांची कारणं. काही जण त्याला इबादत नव्हे तर साधा दुनियादारीचा रिवाज मानतात आणि मर्यादेत चालू देतात. दिखाव्याबद्दलची तक्रार तर इतिहासालाही मान्य आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याने १६१७ मध्ये मांडूला जहांगीरची तुला पाहिली. तुला झाल्यावर बादशहाने चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम आणि फळं उधळली आणि मोठमोठे सरदार ती वेचायला जमिनीवर लोळले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हल्ली वाढदिवसाला मोठा फुगा फोडून चॉकलेटं पाडतात तेव्हा मला हेच सरदार आठवतात. पुढे औरंगजेबाने स्वतःची तुला बंद केली.

'इंग्रजांनी आणला' हे केकपुरतं बरोबर आहे, पण तिथेही मेणबत्त्या इंग्रजांच्या नाहीत. अठराव्या शतकातल्या जर्मनीत वयाइतक्या मेणबत्त्या केकवर लावल्याच्या नोंदी आहेत. इंग्रजांनी त्या तिथून घेतल्या, आपण इंग्रजांकडून.

पळसाचा पेटता चेंडू

आता खेळाकडे. मुलांच्या कार्यक्रमात खेळ कशाला, असंही कोणी म्हणालं होतं. हदीसमध्ये पैगंबर (स.) हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचा उल्लेख आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयेशा पैगंबरांच्या खांद्याआडून ते पाहत होत्या, हेही आहे. हसन आणि हुसैन ही नातवंडं त्यांच्या पाठीवर चढून बसत. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोड्यावर बसणं शिकवा, ही नसीहत हजरत उमर यांच्या नावाने सांगितली जाते. एवढं असताना आमच्या मोहल्ल्यांत खेळणाऱ्या मुलाला, त्यातही मुलीला, "वेळ वाया घालवते" असं ऐकावं लागतं.

इथल्या मुस्लिम राजवटींत चेंडूचा मोठा खेळ होता चौगान, म्हणजे घोड्यावरून काठीने चेंडू मारणं. इराणातून आलेला हा खेळ आज पोलो म्हणून ओळखला जातो. दिल्लीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मेला. अकबराला तर दिवस पुरत नसे. रात्रीच्या खेळासाठी तो पेटते चेंडू वापरी आणि 'आईन'मध्ये त्या लाकडाचं नाव दिलं आहे: पळस. हलकं असतं आणि बराच वेळ जळत राहतं म्हणून पळस. हे वाचलं तेव्हा मी थांबलेच. फाल्गुनात आमच्या रस्त्यांच्या कडेला लाल फुलणारा, ज्याच्या पानांच्या पत्रावळींवर आमच्या आधीची पिढी जेवली, तोच पळस.

१९३६ चा उन्हाळा

भावजयीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकं जुनं नाही. खेळात 'तुम्ही कोणाचे' हा प्रश्न कसा शिरला ते पाहायला मुंबईच्या मैदानावर जावं लागतं. तिथे आधी युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'इतर' हा पाचवा संघ आल्यावर ती पंचरंगी झाली. मैदानं भरून जात आणि संघ धर्मावर ठरत. १९४० मध्ये गांधीजींनी जाहीर विरोध केला. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद पडली.

त्या स्पर्धेत विजय मर्चंट हिंदू संघाकडून खेळत आणि इंदूरचे मुश्ताक अली मुस्लिम संघाकडून. हेच दोघे जुलै १९३६ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत भारताचे सलामीवीर म्हणून उतरले आणि त्यांनी पहिल्या विकेटसाठी २०३ धावा केल्या. मुश्ताक अलींनी ११२ केल्या, मर्चंटनी ११४. परदेशात कसोटी शतक करणारे मुश्ताक अली हे पहिले भारतीय. त्याआधी १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार आपल्या विदर्भातले, नागपूरचे सी. के. नायडू होते आणि पहिल्या डावात पाच बळी घेणारे गोलंदाज होते मोहम्मद निसार.

त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक झालं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे गेलं होतं. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी सुरू केलेली ही आपल्या गावची संस्था. तिच्या खेळाडूंनी बर्लिनमध्ये कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. आमच्या गल्लीत संध्याकाळी दम धरून म्हणतात ते हुतुतू जगाने पाहिलं ते अमरावतीकरांकडून. आणि त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं. त्या संघात जाफर होते, दारा होते, अहमद शेर खान होते. शेर खान यांचा मुलगा अस्लम शेर खान १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बदली म्हणून आला आणि त्याने बरोबरीचा गोल केला. तो विश्वचषक भारताने जिंकला.

हे मी भावजयीला सांगितलं ते मुसलमानांनीही देशासाठी पदकं आणली हे सिद्ध करायला नाही. अशा याद्या वाचून दाखवाव्या लागणं हेच मला खुपतं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर एखादं पोर आमच्या पोराला हसत विचारतं, "तुझी टीम कोणती रे?" विचारणारा दहा वर्षांचा असतो, प्रश्न त्याचा नसतो, तो घरून आलेला असतो. ऐकणारा मुलगा त्या दिवसानंतर निळी जर्सी घालतो तेव्हा ती आवडीची आहे की ढाल आहे, ते त्यालाही कळत नाही. मुश्ताक अलींना मर्चंटबरोबर धाव घेताना आपण कोणाचे हे सांगावं लागलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला हाक द्यायची आणि पळायचं, एवढंच. तीच मोकळीक मला आमच्या पोराला हवी आहे.

अंगणात काय ठरलं

म्हणून जर्सी घेतल्याच नाहीत. निरोप एवढाच दिला: मुलाला धावता येईल असे कपडे घालून पाठवा. निळे आले, पिवळे आले, एक जण गावातल्या कबड्डी संघाचं बनियन घालून आला; ते त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. वाढदिवसाच्या पोराने लाल सदरा निवडला, कारण त्याला खिसा होता आणि खिशात लिंबू मावत होतं.

असर आणि मगरिबच्या मधला तासभर आम्ही धरला. दोन वर्षांचं मूल यापेक्षा जास्त वेळ गर्दीत राहिलं तर रडतं. गल्लीतली अकरा मुलं होती, दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतची. रिकाम्या पाण्याच्या सहा बाटल्या रांगेत ठेवून त्या मोठ्या मऊ चेंडूने पाडायच्या, उशांवरून उड्या मारायच्या, मोठ्यांसाठी लिंबू-चमचा. या वयाची मुलं एकमेकांबरोबर खेळत नाहीत, शेजारी शेजारी आपापलं खेळतात. त्यांना हार-जीत कळत नाही आणि कळवूही नये. बक्षीस सगळ्यांना एकच: एक चेंडू. तोंडात मावेल असा एकही चेंडू ठेवला नाही, फुटक्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलले आणि शेंगदाणे-फुटाणे लहानांच्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवले. या गोष्टी घशात अडकतात. केक कापला, मेणबत्ती लावली नाही. एकाही मुलाने तिची चौकशी केली नाही.

आणि तुला केली. किराणा दुकानातून काटा आणला होता, पण पोरगा त्यावर बसायला तयार होईना. मग भावाने त्याला कडेवर घेऊन वजन केलं, नंतर एकट्याचं केलं आणि वजाबाकी केली. साडेअकरा किलो. 'आईन'च्या नियमाने दुसऱ्या वर्षी एकच वस्तू, म्हणून साडेअकरा किलो ज्वारी. काट्यापाशी बडे अब्बा उभे होते. केकला त्यांनी हात लावला नाही, पण मापात ज्वारी कमी पडतेय म्हणून दोनदा ओंजळ वाढवली. कोणाच्या घरी द्यायची ते त्यांनीच ठरवलं आणि आम्हालाही सांगितलं नाही.

आपल्या घरांसाठी

वाढदिवस करायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावं. न करणाऱ्याला मागासलेला म्हणू नये आणि करणाऱ्याला बिघडलेला म्हणू नये. पण जिथे करणार असाल तिथे दोन गोष्टी जुन्या ठेवा. एक तराजू: मुलाच्या वजनाइतकं धान्य, वह्या, काहीही, दर वर्षी एकेक वस्तू वाढवत. सात वर्षांच्या मुलाला त्यातली एक वस्तू स्वतः निवडू द्या. दुसरं अंगण: बोलावताना नातलगांपाशी थांबू नका, गल्ली मोजा. आमच्या गावात खंडेश्वराच्या टेकडीकडची पोरं आणि मशिदीकडची पोरं शाळेत एका बाकावर बसतात, पण किती घरं अशी आहेत की जिथे ती दोघं एका ताटात केक खातात? पाचवी-सहावीपर्यंत 'तुझी टीम कोणती' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत येणारच. तो येण्याआधी त्यांनी एका अंगणात पाच-सहा वेळा चेंडू लाथाडलेला असला, तर विचारणाऱ्याला समोरच्याचं घर माहीत असेल आणि ऐकणाऱ्याला हसून उत्तर देता येईल.

दोरा साधा सुती चालतो. पहिली गाठ राहून गेली असेल तर दोन एकदम मारा.